वॅगनआर साडेअठरावरून पंधरावर आली, पेट्रोल जातंय कुठं?

टिळकवाडीकर | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, गाडीनं डोकं खाल्लंय म्हणून लिहितोय. २०२० ची वॅगनआर, १.० पेट्रोल, ७१ हजार किमी झालेत. रोज बेळगावातल्या टिळकवाडीतून खानापूर आणि परत, बावन्न किमी, वर पोरीची शाळा, बाजार, शनिवारी वडगावला सासुरवाडी. महिन्याचं रनिंग धरा तेराशे. दोन वर्षांपूर्वी लिटरला साडेअठरा किमी द्यायची, आता मागचे दोन-तीन महिने पंधराच्या पुढं जाईना झालीय. कंपनीचा आकडा २१.७९ आहे, तो सोडून द्या, तो गाड्या तपासणाऱ्या एआरएआय संस्थेच्या रोलरवरचा, तिथं ना रेल्वे गेट लागतं ना खड्डा ना समोर उसाची डबल ट्रॉली. खरं साडेअठराचे पंधरा म्हणजे महिन्याला सोळा लिटर जास्त, आपल्याकडं दर १०३ च्या आसपास, म्हणजे जवळपास सतराशे रुपये हवेत. गणेबैलचा टोल वेगळाच. सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अजून काय काय लिहून ४२०० घेतले, फरक शून्य. आता काय बघू?

निपाणीची_तलफ | रात्री १०:३१

गाडी विका आणि खानापूर पॅसेंजरचा पास काढा 😄

जोक हो. गोव्यात जाऊन टाकी फुल्ल करून आणा, तिकडं लिटरला सहा-सात रुपये कमी आहे.

उद्यमबागेतला | रात्री १०:४४

आधी सांग, हे पंधरा काढलास कसं?

टिळकवाडीकर | रात्री १०:५०

डॅशबोर्डवर दाखवतंय की. आणि हजाराचं टाकतो, परत लाइट लागेपर्यंत किती चालली बघतो.

उद्यमबागेतला | रात्री ११:०८

मग तुला काय बी कळालं नाही अजून. डॅशबोर्ड खोटं बोलतंय असं नाही, खरं ते अंदाज करतंय, इंजेक्टर किती वेळ उघडलं त्यावरून, आणि बहुतेक गाड्यांत ते पाच-सात टक्के चढवून दाखवतंय. हजाराचं पेट्रोल आणि लाइट ह्याला तर हिशोबच म्हणत नाहीत, लाइट कधी चढावर लागते कधी उतारावर. मी व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापायच्या मशीनवर काम करतो, तिथं मापायचं हत्यारच वाकडं असलं तर पीस बघायचंच नाही, तसंच हे.

असं कर. एकच पंप धर, एकच नोझल, गाडी उभी करायची जागा पण तीच ठेव. फुल्ल टाकी, नोझल पहिल्यांदा टक्क करून बंद पडलं की बस, पोऱ्या वर अजून राउंड फिगर करतो म्हणाला तर नको म्हण, त्यानं हिशोब बिघडतो आणि गळ्यापर्यंत भरलं की पेट्रोल वाफ पकडायच्या डब्याकडं, कॅनिस्टरकडं जायला लागतंय. ट्रिप मीटर शून्य कर. चारशे किमी फिर. परत तिथंच पहिल्या टक्कपर्यंत भर. किलोमीटर भागिले बिलावरचं लिटर. एवढंच. आणि एका टाकीवर नाचायचं नाही, तीन टाक्यांचं बघ.

शहापूरची_सूनबाई | सोमवार, सकाळी ७:२०

अगदी. मी चार वर्षं वही ठेवलीय, आमच्याकडं स्विफ्ट आहे. तारीख, ओडोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटी एक रकाना "काय झालं" असा. खरी मजा त्या शेवटच्या रकान्यातच आहे. गणपतीच्या महिन्यात दरवर्षी आमचं अ‍ॅव्हरेज दीड-दोननं पडतं, कारण शहापूर ते खडेबाजार तीन किमीला अर्धा तास. मे महिन्यात परत पडतं, एसी. एकदा सलग तीन टाक्या कमी आलं आणि वही बघितली तर त्याच महिन्यात सासूबाईंना रोज सकाळी फिजिओला सोडत होतो, दीड किमी जायचं, थांबायचं, दीड किमी यायचं. थंड इंजिन पहिली दोन-तीन किमी जास्तच पितं आणि आमची गाडी तापायच्या आतच घरी. मिस्टर म्हणत होते प्लग बदलूया 🙂

तुम्ही टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला उभे असता तेव्हा इंजिन बंद करता का?

टिळकवाडीकर | सकाळी ७:४१

नाही ताई, एसी चालू असतो ना. पोरगी मागं कुरकुरते.

शहापूरची_सूनबाई | सकाळी ७:५५

छोट्या गाडीचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर घेतं, एसी असला की वरच्या बाजूला. दहा मिनिटं गेट म्हणजे शंभरेक मिली. दिवसातून दोनदा लागलं की महिन्याला चार-पाच लिटर तिथंच उभ्यानं संपलं. काच खाली करा, पोरीला गाडीचे डबे मोजायला लावा.

चंदगडी_काजू | सकाळी ९:०३

पंप मारत नाही कशावरून? मी एकदा बेळगावच्या एका पंपावर (नाव नको) ३५ लिटरच्या टाकीत ३७ भरलेला माणूस आहे.

उद्यमबागेतला | सकाळी ९:३०

भावा, गाडीच्या पुस्तकात लिहिलेली टाकी गळ्याशिवायची असते, वर दोन-तीन लिटर मावतंय. शंका असली तर भांडायचं नाही, माप मागायचं. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतंय, गिऱ्हाइकानं मागितलं तर समोर ओतून दाखवावं लागतंय, पाच लिटरला २५ मिलीपर्यंत इकडं-तिकडं चालतंय, त्याच्यावर नाही. मी दोनदा मागितलो, दोन्ही वेळेला बरोबर निघालं, तिसऱ्यांदा पोऱ्याच म्हणाला अण्णा सकाळीच मोजलोय. राउंड फिगर टाळून ११० चं मार, २१० चं मार म्हणून काय होत नाही. सकाळी थंडीत भरलं की जास्त येतंय हे पण तसलंच, टाक्या जमिनीखाली असतात, तिथं सकाळ-दुपार कळत पण नाही.

चंदगडी_काजू | सकाळी ९:४२

बरं 😐 शिनोळीला येऊन भरा मग. फिल्टर कॉफी नाही खरं चहा चांगला आहे.

निपाणीची_तलफ | सकाळी १०:१०

शिनोळीला कशाला? महाराष्ट्रात पेट्रोल आपल्यापेक्षा थोडं महागच पडतं. उलट कोल्हापूर-कागलची माणसं बॉर्डरच्या अलीकडं कोगनोळीला येऊन टाकी भरायची, डिझेलला तर ट्रकवाले बॉर्डर ओलांडेपर्यंत कसं तरी ढकलत आणायचे. आता ते पण कमी झालंय. १५ जून २०२४ ला कर्नाटकानं विक्रीकर वाढवला, पेट्रोलवर २५.९२ टक्क्यांचा २९.८४ केला, एका झटक्यात लिटरला तीन रुपये. मग एप्रिल २०२५ ला डिझेलचा १८.४४ वरून २१.१७. फरकच उरला नाही. म्हणून म्हणतोय गोवा.

मास्तर_खानापूर | सकाळी ११:२५

गोव्याचा हिशोब एकदा कागदावर मांडू. फरक सात रुपये धरला, वॅगनआरची टाकी ३२ लिटरची, तळाला थोडं उरलेलं असणारच, म्हणजे भरणार तीस. वाचले २१० रुपये. चोर्ला घाटानं उतरून गोव्यातल्या साखळीकडं जाऊन परत यायला सव्वाशे-दीडशे किमी, म्हणजे आठेक लिटर, आठशे रुपये. २१० वाचवायला आठशे घालवणार का? कामानं चाललाच असाल तर मात्र टाकी रिकामी नेऊन भरून आणावी, ह्यात शहाणपण आहे.

आणि एक. गोव्याला जाताना "बावीस दिली हो गाडीनं" म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, येतानाचं कोणी सांगत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. माणसांसकट अकराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला सुमारे ८१ लाख ज्यूल लागतात. पेट्रोलच्या एका लिटरात सव्वातीन कोटींच्या आसपास असतात, खरं इंजिन त्यातला चौथाच हिस्सा चाकाला देतं, बाकीची उष्णता. म्हणजे नुसतं उंच चढायचंच जवळपास एक लिटर होतं, अंतराचं वेगळं. चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, वर उचलायच्या ऊर्जेचं सूत्र mgh, त्याचा उपयोग काय म्हणून विचारायची, हा घ्या.

निपाणीची_तलफ | सकाळी ११:३०

मास्तर 🙏 गोवा कॅन्सल.

उसाचा_फड | दुपारी १:१५

तुम्ही सगळे एक गोष्ट विसरालाय. टाकीत आता पाचवा हिस्सा इथेनॉल आहे. चिकोडीकडं आमच्या आजूबाजूच्या कारखान्यांतनं टँकरच टँकर जातात. आमचाच ऊस तुमच्या टाकीत, टनाला थेट रसापासनं केलं तर सत्तरेक लिटर निघतं. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ताकद कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्येच आहे की ई१० ला (दहा टक्के इथेनॉल) ट्यून केलेल्या चारचाकीला ई२० वर (वीस टक्के) सहा-सात टक्के मायलेज कमी पडणार. तुमची २०२० ची गाडी त्यातलीच. साडेअठरा मिळायचं तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं दादा. ह्यावर उपाय नाही, आणि मी तक्रार पण करणार नाही, आमचं बिल त्यातनंच येतं, कधी का येईना.

टिळकवाडीकर | दुपारी २:०५

हे डोक्यातच नव्हतं आलं. सात टक्के म्हणजे साडेअठरातले सव्वा गेले. तरी पंधरापर्यंत अजून दोनच्या वर शिल्लक राहतात. आज फुल्ल टाकी केली, वही पण घेतली, पोरीची अर्धी उरलेली भूगोलाची.

घाटउतार_केए२२ | रात्री ९:१८

एवढं काय करालाय सगळे. मी चोर्ल्याला न्यूट्रल मारून सोडतो, खाली गोव्यातल्या केरीपर्यंत फुकट. हायवेला वंटमुरी घाटात पण तसंच. महिन्याला एक-दोन लिटर आरामात वाचतं.

डबल_डिक्लच | रात्री ९:५७

बाळ, असलं परत लिहू नकोस, कोणतरी वाचून करंल. मी एकतीस वर्षं सरकारी बस चालवली, त्यातली अकरा चोर्ला-आंबोली लायनीला. उतारावर न्यूट्रल मारलं की गाडी फक्त ब्रेकवर आली, ब्रेक तापले की पेडल दाबून काय उपयोग नसतो, आणि तापल्यावर वास येतो तोवर तू वळणात असतोस. आमच्यात जुनं सांगणं आहे, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर.

घाटउतार_केए२२ | रात्री १०:०५

काका सेफ्टी बरोबर आहे, खरं पेट्रोल वाचतं की नाही ते सांगा.

डबल_डिक्लच | रात्री १०:२६

कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडं वाचायचं, खोटं कशाला बोलू. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढलास की चाकंच इंजिनला फिरवतात, मग कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, एक थेंब जात नाही. न्यूट्रलला टाकलास की इंजिनला आपलं आपण चालू राहायला पेट्रोल प्यावंच लागतं. म्हणजे तू जीव धोक्यात घालून वर पेट्रोल जाळालास. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं मायलेज लावून बघ, गिअरमध्ये उतारावर काटा एकदम टोकाला जातो.

आमच्या डेपोत प्रत्येक ड्रायव्हरचं केएमपीएल, म्हणजे लिटरला किती किमी, लिहून लावायचे. तीच बस, तोच रूट, तेच प्रवासी, आणि दोन ड्रायव्हरांत अर्ध्या-पाऊण किमीचा फरक. कमी देणारा काय करायचा? पुढं स्टॉप दिसतोय, तरी शेवटपर्यंत पळवायचा आणि करकचून ब्रेक. जास्त देणारा शंभर मीटर आधी पाय काढायचा. ब्रेक मारला म्हणजे आधी जाळलेलं डिझेल रस्त्यावर ओतलं असं आमचे इन्स्ट्रक्टर म्हणायचे, कन्नडमध्ये म्हणायचे, जास्त लागायचं 😄

टिळकवाडीकर, तुम्ही खानापूर रोडला किती वेगानं जाता?

टिळकवाडीकर | रात्री १०:४०

रस्ता नवीन झाल्यापासून ९५-१००. सगळेच जातात.

मास्तर_खानापूर | मंगळवार, सकाळी ६:५०

वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० च्या जागी १०० केलं की दीडपटीच्या वर. आणि तुमची गाडी उंच, डब्यासारखी, वाऱ्याला आवडते. आता वेळ मोजा, सलग मोकळा रस्ता वीस किमी असेल. ९५ नं साडेबारा मिनिटं, ७५ नं सोळा. साडेतीन मिनिटांसाठी चाललंय हे सगळं. तुम्ही माझ्या घरावरूनच जाता, माझं मांजर दचकतं.

टिळकवाडीकर | अकरा दिवसांनी, रात्री ९:३०

पहिली टाकी. ४०२ किमी, २८.३ लिटर, म्हणजे १४.२. डॅशबोर्ड १५.१ दाखवत होता. म्हणजे जुनं साडेअठरा पण खरं सतरा-साडेसतराच असणार, माझा सगळा हिशोबच एक मजला वर बांधलेला. त्यातनं इथेनॉलचे एक-सव्वा वजा केले तर सोळाच्या वर यायला पाहिजे. दोन अजून कुठं तरी गळतायत.

हवा बघितली. दरवाजाच्या चौकटीवर स्टिकरवर दिलेल्यापेक्षा चारी चाकांत आठ-नऊ पॉइंट कमी. लाज वाटली. गणपतीच्या आधी भरली होती बहुतेक.

उद्यमबागेतला | रात्री ९:५२

पॉइंटमागं ०.२ टक्के धर, नऊ पॉइंट म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. टायर वाचलं ते वेगळं, खरं तुझं दोन किमी त्यात नाही. आणि हवा गाडी थंड असतानाच बघायची, खानापूरहून आल्या आल्या नाही.

कूलंटचं टेम्परेचर बघ. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट अडवायची झडप, उघडं अडकलं की इंजिन तापतच नाही आणि कॉम्प्युटर थंड समजून जास्त पेट्रोल मारतंय. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं ओबीडीचं डोंगल येतंय, कुणाकडं तरी असंल.

टिळकवाडीकर | दोन दिवसांनी

ऑफिसातल्या मित्राचं डोंगल लावलं. ८८ ते ९३ मध्ये फिरतंय. एअर फिल्टर पण काढून बघितला, थोडा धुळकट आहे.

उद्यमबागेतला | त्याच रात्री

थर्मोस्टॅट बरोबर आहे मग. फिल्टर बदलायच्या वेळेला बदल, आताच्या गाडीत त्यानं पिकअप मार खातंय, मायलेजला फार फरक नाही, सेन्सर हवा मोजूनच पेट्रोल सोडतंय. कार्ब्युरेटरच्या काळातली गोष्ट लोक अजून सांगत बसलेत.

आता एक कर. उद्या खानापूरला पोचताना शेवटचा एक किमी ब्रेक कमीत कमी वापर, गाडी उभी कर आणि चारी चाकांच्या रिमजवळ हात ने. लावू नको, जवळ ने. नंतर सपाट जागेवर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडून एका माणसानं ढकलून बघ.

टिळकवाडीकर | दुसऱ्या दिवशी, दुपारी १:२०

मागचं डावं. भट्टी!! बाकीची तीन कोमट आणि हे एक असं की हात नेववेना. आणि गाडी ढकलायला मी आणि शिपाई दोघं लागलो.

उद्यमबागेतला | दुपारी १:२६

सापडलं. हँडब्रेक ओढून गाडी बरेच दिवस पावसात उभी केलतास काय?

टिळकवाडीकर | दुपारी १:३१

गणपतीला कोकणात गेलो होतो सासऱ्यांच्या गाडीतून, ही बारा दिवस दारात उभी होती. हँडब्रेक ओढून. आल्यावर पहिल्यांदा सोडताना कट् असा आवाज झालेला, मी म्हटलं सुटली. तेव्हापासून!! तीन महिने मी ब्रेक लावून खानापूरला जातोय. आणि ४२०० घेतलेल्यानं चाक फिरवून पण बघितलं नाही.

डबल_डिक्लच | दुपारी २:००

पावसाळ्यात जास्त दिवस उभी करायची तर सपाटीला पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, हँडब्रेक नको. ड्रमला ब्रेकचा शू चिकटतो, केबल गंजते. बसला आम्ही लाकडी ठोकळाच द्यायचो. आणि तापलेल्या ब्रेकनं घाट उतरू नका, आधी काम करून घ्या.

शहापूरची_सूनबाई | दुपारी २:४५

ह्याच्यासाठीच तो शेवटचा रकाना 🙂 "गणपतीनंतर कट् आवाज" एवढं लिहिलं असतं तर तेव्हाच सापडलं असतं.

टिळकवाडीकर | सुरुवातीपासून सहा आठवड्यांनी

अनगोळच्या एका मेकॅनिकनं ड्रम उघडला, साफ केला, केबल बदलली, सगळं मिळून ९५०. आता वही जशी आहे तशी.

पहिली टाकी १४.२, काही न करता. दुसरी ४०३ किमी, २७.६ लिटर, १४.६, फक्त हवा भरून. तिसरी ब्रेक केल्यावर, ४३१ किमी, २६.८ लिटर, १६.१. चौथीला मास्तरांच्या मांजराची शपथ घेऊन ७५-८० च्या वर गेलो नाही, गेटला इंजिन बंद, ४७३ किमी, २७.५ लिटर, १७.२. एका टाकीवर नाचायचं नाही हे माहीत आहे म्हणून बसूनच टाइप करतोय. तेराशे किमीला पंधरा-सोळा लिटरचा फरक, सोळाशे रुपये. ७५ नं जाताना पहिले चार दिवस फार त्रास झाला, मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्न मारतो, टमटम ओव्हरटेक करते. आता सवय झाली. डाव्या लेनमध्ये गाणी ऐकत जातो, ऑफिसला अजून एकदा पण उशीर झाला नाही. उशीर फक्त गेटमुळं होतो, तो आधी पण व्हायचा. पोरगी आता गाडीचे डबे मोजते आणि मालगाडी आली की खूश होते.

मास्तर_खानापूर | संध्याकाळी ६:१०

मांजर बरं आहे. परवा तुम्ही गेलात ते कळलंच नाही.

निपाणीची_तलफ | रात्री ८:३३

आमची बोलेरो अकरा देते, घरचे म्हणतात बारा द्यायची. नवीन धागा काढू की इथंच विचारू?

उद्यमबागेतला | रात्री ८:४०

इथंच विचार. हे अकरा काढलास कसं?